शिरेला धमनी जोडल्यावर

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त यंत्रातून शुद्ध करायचे, तर दर मिनिटाला अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त शरीराबाहेर काढता आले पाहिजे आणि तेवढेच परत आत सोडता आले पाहिजे. ज्या शिरेतून एरवी सलाईन दिले जाते तिच्यातून एवढे रक्त ओढू गेल्यास ती जागच्या जागी मिटते, आणि धमनीत, म्हणजे हृदयाकडून रक्त घेऊन येणाऱ्या खोल वाहिनीत, आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुई खुपसत राहणे धोक्याचे असते. या अडचणीतून निघालेला मार्ग म्हणजे फिस्टुला : मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडली, की धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता सरळ शिरेत घुसते, शीर काही आठवड्यांत रुंदावते, तिची भिंत जाड होते, आणि मग तिच्यात सुया टोचता येतात. १९६० मध्ये सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी धमनी आणि शीर यांच्यात कायमची बसवून वारंवार डायलिसिस शक्य केले होते; पण ती नळी कातडीबाहेर राही, तीत गुठळी होई आणि जखम पिके. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स सिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि शल्यचिकित्सक केनेथ अ‍ॅपेल यांनी कातडीखालची जोडणी १९६५ पासून करून पाहिली आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थिदशेत रक्तपेढीवर शिरा टोचण्याचे काम केलेल्या सिमिनो यांना रुंद शिरेची किंमत पुस्तकाबाहेर कळलेली होती, ही गोष्ट या इतिहासात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

जयप्रकाश नारायण यांना १९७५ च्या नोव्हेंबरात स्थानबद्धतेतून सोडल्यानंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर ठेवावे लागले आणि १९७९ च्या ऑक्टोबरातील मृत्यूपर्यंत ते त्याच आधारावर जगले. तेव्हा ही सोय महानगरातल्या मोजक्या रुग्णालयांपुरती होती. पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता, लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये उर्वरित राज्याबरोबर आला, २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर आला. यंत्रे अशा रीतीने रुग्णाच्या गावाजवळ आली. यंत्राला जोडायची शीर मात्र रुग्णालाच आणावी लागते, आणि ती पुष्कळदा तयार नसते.

ती तयार का होत नाही, आणि तयार झालेली काही महिन्यांत अरुंद का होते, यावर दोन भूमिका संभवतात, आणि पुढील संवादात त्या दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. नांदेडकर हे प्रवाहशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मानावेत. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही असल्यामुळे अशा प्राध्यापकाने धमनीच्या गणितात लक्ष घालणे अस्वाभाविक नाही. लातूरकर हे फिस्टुल्याच्या शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक मानावेत. पहिल्याचा विश्वास प्रवाहाच्या बलांवर आहे, दुसऱ्याचा रक्तवाहिनीच्या भिंतीवर.

नांदेडकर : डॉक्टर, आपल्या शास्त्रात फिस्टुला ‘पिकण्याची’ जी भाषा आहे तिच्यात एक भौतिक नियम दडलेला आहे, आणि तो मोजता येतो. वाहते रक्त वाहिनीच्या भिंतीवर दोन प्रकारची बले लावते. एक दाब, जो भिंतीला बाहेर ढकलतो. दुसरे कर्तन-प्रतिबल, म्हणजे रक्ताचा थर भिंतीला घासून पुढे जाताना तिला आपल्या दिशेने जी ओढ देतो तिचे दर चौरस मीटरवरील माप. मनगटाच्या धमनीचा व्यास अडीच मिलिमीटर आणि विश्रांतीतला प्रवाह मिनिटाला २५ मिलिलिटर धरला, तर ही ओढ सुमारे १ पास्कल भरते, आणि निरोगी धमन्यांत ती साधारण १ ते २ पास्कलच्या आसपासच आढळते. फिस्टुला जोडताच पुढच्या केशवाहिन्यांचा अडथळा टळतो, प्रवाह पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे मिलिलिटरवर जातो. तीनशे धरला आणि व्यास अजून तोच असला, तर ओढ बारा पटींनी वाढते. आता वाहिनीपुढे एकच वाट उरते, ती म्हणजे रुंद होणे. कारण ही ओढ व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, व्यास दुप्पट झाला की ती आठव्या हिश्शावर येते. सहा आठवड्यांनी प्रवाह सहाशे मिलिलिटर झाला आणि व्यास सहा मिलिमीटर झाला, तर हिशेब पुन्हा पावणेदोन पास्कलच्या आत येतो. प्रवाह चोवीसपट वाढूनही भिंतीला जाणवणारी ओढ दुपटीच्या आतच राहिली. अमेरिकेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला सहाचा नियम, म्हणजे सहा आठवड्यांनी सहाशे मिलिलिटर प्रवाह, सहा मिलिमीटर व्यास आणि कातडीखाली सहा मिलिमीटरपेक्षा कमी खोली, हा डॉक्टरांना अनुभवाचा ठोकताळा वाटत असेल; त्याच्या पोटात हे गणित आहे.

लातूरकर : गणित चूक नाही, सर. पण ते गणित वाहिनीला कळते कसे, हा प्रश्न गणितात नाही.

नांदेडकर : त्याचेही उत्तर आता बरेच मिळाले आहे. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. या पेशींना रक्ताची ओढ जाणवते, आणि ती वाढली की त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्याने भिंतीतल्या अनैच्छिक स्नायुपेशी सैल पडतात, आणि नंतरच्या आठवड्यांत भिंतीतले तंतू तोडून नव्याने रचणारी विकरे कामाला लागतात. या वायूचा रक्ताभिसरणातला संदेशवाहक म्हणून शोध लागल्याबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. रिचर्ड थोमा यांनी १८९३ मध्येच वाहिनीची रुंदी प्रवाहाच्या वेगानुसार ठरते असे नोंदवले होते. आणि जपानचे कामिया व तोगावा यांनी १९८० मध्ये कुत्र्याच्या मानेतील धमनी शिरेला जोडून, म्हणजे फिस्टुलाच करून, दाखवले, की काही महिन्यांत धमनी इतकी रुंदावते की कर्तन-प्रतिबल मूळ पातळीजवळ परत येते.

लातूरकर : कुत्र्याची ती धमनी निरोगी होती, आणि कुत्र्याची मूत्रपिंडेही. मराठवाड्यात जो रुग्ण फिस्टुल्यासाठी येतो त्याचे चित्र वेगळे असते. त्याला दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण बिघडल्यामुळे धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती कडक झालेली असते, आणि मूत्रपिंड काम करत नसल्यामुळे साठलेल्या विषारी द्रव्यांनी तो अंतःस्तर, ज्याच्यावर आपला सगळा सिद्धान्त उभा आहे, आधीच मंदावलेला असतो. शीर तर त्याहून दुर्दैवी. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायचे, ही गावोगावची रीत आहे. डावा हात त्यासाठी सोयीचा, आणि फिस्टुल्यासाठीही डावाच हात पहिल्या पसंतीचा. दहा वेळा टोचलेल्या, सुजलेल्या, आतून चट्टे पडलेल्या शिरेला ओढ जाणवली तरी ती रुंद होईल कशाने? शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या शिरेच्या तुकड्यांत, म्हणजे धमनीचा एक थेंबही तिच्यात शिरण्यापूर्वी, आतला थर जाड झालेला आढळल्याची निरीक्षणे आहेत. तिथे प्रवाहाचा दोष कोणता?

इथे एका पुराव्याची गोष्ट येते, जो दोन्ही बाजू आपल्याच बाजूचा समजतात. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फिस्टुला केल्यावर सहा आठवडे निम्म्या रुग्णांना क्लोपिडोग्रेल हे गुठळीरोधक औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषधाने गुठळी होऊन फिस्टुला बंद पडण्याचे प्रमाण १९.५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. पण डायलिसिसला प्रत्यक्ष वापरता न येणारे फिस्टुले दोन्ही गटांत सुमारे ६० टक्केच राहिले. म्हणजे फिस्टुला उघडा राहणे वेगळे आणि उपयोगी पडणे वेगळे, आणि औषधाने पहिले साधले तरी दुसरे साधले नाही.

नांदेडकर यावरून म्हणतात, की रोग रक्ताच्या गोठण्यात नव्हे, प्रवाहाच्या आकृतीत आहे, आणि आकृती गोळीने बदलत नाही. लातूरकर त्याच आकड्यांवरून म्हणतात, की भिंतच जर वाढायला असमर्थ असेल तर तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताला पातळ करून काय होणार. निःपक्ष वाचकाला कबूल करावे लागेल, की त्या चाचणीने या दोघांपैकी कोणाचीच बाजू सिद्ध केली नाही. तिने फक्त तिसरी, म्हणजे गुठळीलाच मुख्य शत्रू मानणारी बाजू, दुबळी केली.

नांदेडकर : मग एक प्रश्न भिंतीच्या बाजूने सोडवून दाखवा. मनगटावरचा फिस्टुला अरुंद होतो तेव्हा बहुतेक वेळा जोडाच्या पुढचे शिरेचे दोन-तीन सेंटिमीटरच का अरुंद होतात? मधुमेह साऱ्या अंगात, विषारी द्रव्ये साऱ्या रक्तात, मग रोग तेवढ्याच टापूत का? विष्णुपुरीच्या वर-खाली गोदावरीच्या काठाने चालणाऱ्याला ठाऊक असते, की वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी कापते आणि आतल्या काठाला, जिथे ते मंदावते, गाळ टाकते. जोडापाशी हेच घडते. धमनीतून आलेली धार शिरेत वळताना बाहेरच्या भिंतीवर आदळते. आतल्या भिंतीशी रक्त मंदावते, प्रत्येक ठोक्याला थोडे मागे फिरते, पुन्हा पुढे जाते. त्यातच पंज्यातल्या धमन्यांच्या कमानीतून, दुसऱ्या बाजूच्या धमनीचे रक्त उलट दिशेने येऊन त्याच तोंडात शिरते, म्हणजे दोन धारा समोरासमोर येतात. इटलीतील बेर्गामो येथील मारिओ नेग्री संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये संगणकीय प्रतिकृतींवरून दाखवले, की जिथे ओढ कमी आणि दिशा बदलणारी असते त्याच जागा रुग्णांत अरुंद होणाऱ्या जागांशी जुळतात.

लातूरकर : काठाचे उदाहरण ऐकायला चांगले आहे, पण त्यातच घोटाळा आहे. नदीच्या वळणावर जे साचते ते नदीनेच वाहून आणलेले असते. शिरेत जे साचते ते रक्ताने आणलेले नसते, ते भिंतीतूनच उगवते : मधल्या व बाहेरच्या थरातल्या पेशी आत सरकतात, विभागतात, आणि आतल्या थराची जाडी वाढवतात. काठ निर्जीव आहे, भिंत सजीव आहे, आणि सजीव वस्तू एकाच बलाला दोन वेळी दोन उत्तरे देते.

नांदेडकर : तरी बल कोणते हे पाहावेच लागते.

लातूरकर : पाहा, पण त्यावर आपल्याच शास्त्रात किती काळ एकमत नव्हते? डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये म्हटले, की ओढ फार वाढली, सुमारे ४० पास्कलवर गेली, तर अंतःस्तराच्या पेशी खरचटून निघतात, तेव्हा रोगाला जास्त ओढ कारण. पाठोपाठ कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमन्यांतले चट्टे कमी ओढीच्या जागी पडतात असे दाखवले, आणि १९८५ च्या सुमारास मानेच्या धमनीवरील कामाने कमी व दोलायमान ओढीचे पारडे जड झाले. फिस्टुल्यात तर दोन्ही टोके एका सेंटिमीटरच्या आत शेजारी शेजारी असतात. जोडाच्या ओठाशी अतिशय जास्त, आणि आतल्या कडेला अतिशय कमी. मग कोणतीही जागा अरुंद झाली तरी कारण हाताशी असते. जे शास्त्र प्रत्येक निकालाचे स्पष्टीकरण देते, ते निकाल आधी सांगू शकते का, हे विचारण्याचा शल्यचिकित्सकाला अधिकार आहे.

हा आक्षेप या वादातला सर्वांत धारदार आहे, आणि नांदेडकरांचे उत्तर त्याला पुरे पडत नाही, असे म्हणणे भाग आहे. ते सांगतात, की अलीकडे केवळ ओढीचे माप न पाहता तिची दिशा प्रत्येक ठोक्यात किती बदलते, याचा निर्देशांक काढला जातो, आणि रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा वेग व वाहिनीचा व्यास यांना रक्ताच्या श्यानतेशी, म्हणजे दाटपणाशी, तोलणारा आकडा, सरळ नळीत सुमारे दोन हजारांच्या खाली असला तर प्रवाह थराथराने शांत जातो असे मानले जाते, पण फिस्टुल्यात तो सहाशे ते तेराशेच्या दरम्यान असूनही वळण, धडकणारी धार आणि हृदयाचे ठोके यांमुळे प्रवाह विस्कटतो. हे खरे आहे. हाताला लागणारी थरथर आणि स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा घरघराट या विस्कटण्याचीच खूण आहे. पण विस्कटलेला प्रवाह चांगल्या फिस्टुल्यातही असतो आणि बिघडणाऱ्या फिस्टुल्यातही. कोणता कुठे जाईल, हे त्या दिवशीच्या प्रवाहाच्या चित्रावरून रुग्णागणिक सांगता येण्याइतके शास्त्र अजून पुढे गेलेले नाही.

लातूरकर : आता जोडापुढच्या त्या दोन-तीन सेंटिमीटरांचे उत्तर. तोच तुकडा शल्यचिकित्सक आपल्या हाताने सोडवतो. शीर धमनीपर्यंत आणण्यासाठी ती आसपासच्या ऊतींतून मोकळी करावी लागते, वळवावी लागते, आणि हे करताना तिच्या भिंतीला बाहेरून रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या तुटतात. भिंत उपाशी राहते, मग तिच्यात जखमेची भरपाई सुरू होते. आपण ज्या जागेला वळणाची जागा म्हणता, तीच हाताळणीची जागा आहे. फ्रान्समधल्या शल्यचिकित्सकांनी २०१६ मध्ये उलटी पद्धत मांडली, तीत शीर जागेवर राहते आणि धमनी वळवून शिरेकडे आणली जाते. अरुंद होण्याचे प्रमाण त्यांच्या अनुभवात कमी झाले.

नांदेडकर : धमनी वळवली म्हणजे जोडाची आकृतीही बदलली, डॉक्टर! तिथे श्रेय भिंतीला द्यायचे की कोनाला?

लातूरकर : दोघांना, हे मान्य. आणि म्हणूनच कोनाविषयी बोलू. आपल्याकडच्या गणिताने धमनी व शीर यांत सुमारे ३० अंशांचा कोन बरा ठरवला आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो साधतोही. पण कातडी शिवल्यावर सूज येते, सूज उतरते, शीर रुंद होताना लांबही होते आणि वाकते, रुग्ण मनगट वळवतो. तिसऱ्या महिन्यात तो कोन किती आहे, हे कोणी मोजते का?

नांदेडकर : मोजायला हवे, एवढेच म्हणणे आहे.

लातूरकर : कशाने मोजणार? डॉपलर सोनोग्राफीने. पण डायलिसिसच्या कक्षात सोनोग्राफीचे यंत्र ठेवणे सोपे नाही.

इथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण भारताबाहेरच्या वाचकाला ही अडचण उमगणार नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची, जिथे ते ठेवले आहे त्या जागेची आणि जो ते वापरतो त्याची नोंद लागते, हलवता येणाऱ्या यंत्रांवर २०१२ पासून आणखी बंधने आली, आणि मुलींचे प्रमाण घसरलेल्या मराठवाड्यात या कायद्याची अंमलबजावणी कडक असणे योग्यही आहे. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की हातातल्या शिरेचा प्रवाह मोजण्यासाठीही रुग्णाला दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या तारखेला, दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागते, आणि परगावाहून बसने आलेला रुग्ण ती तारीख बहुधा चुकवतो. कायद्याचा हेतू न बिघडवता डायलिसिस कक्षांना वेगळी वाट देता येईल काय, हा प्रश्न आरोग्य विभागाने विचारात घेण्याजोगा आहे.

यंत्र नसेल तर हात उरतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अनुभवी डायलिसिस परिचारिकांनी केवळ पाहून आणि हात लावून फिस्टुला उपयोगी पडेल की नाही हे ८० टक्के वेळा बरोबर सांगितले होते. सोनोग्राफीत शिरेचा व्यास ४ मिलिमीटर आणि प्रवाह ५०० मिलिलिटर या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर उपयोगी पडण्याची शक्यता ९५ टक्के होती, आणि दोन्ही अपुऱ्या असल्यास ३३ टक्के. लातूरकर या आकड्यांतून हाताची बाजू घेतात, नांदेडकर उरलेल्या वीस टक्क्यांची. रुग्णांना मात्र या वादाची कल्पना नसते. त्यांना परिचारिका एवढेच सांगते, की रोज सकाळी उठल्यावर दुसऱ्या हाताची बोटे ठेवून थरथर आहे ना पाहा, नसेल तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात या.

थरथर कमी होण्याची कारणे सांगताना दोघांचे सूर प्रथमच जुळतात. चार तासांच्या डायलिसिसमध्ये दोन-तीन लिटर पाणी अंगातून काढले, की रक्तदाब उतरतो आणि रक्त दाट होते. दाब उतरल्याने फिस्टुल्याला ढकलणारे बल घटते, दाटपणामुळे विरोध वाढतो, आणि दोन्ही मिळून त्या रात्री प्रवाह कमी असतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४० अंशांच्या वर असताना, घाम, उलट्या किंवा जुलाब यांनी तेच घडते. आधीच अरुंद झालेला फिस्टुला अशा दिवशी बंद पडतो. त्या हातावर डोके ठेवून झोपणे, त्या हाताने हंडा उचलणे, त्या हाताचा रक्तदाब मोजणे, घट्ट बांगड्या भरणे, हे सर्व त्याच कारणाने टाळायचे. नांदेडमध्ये शीख रुग्णांच्या कड्याबद्दल विचारणा होते, पण कडे बहुधा उजव्या हातात आणि फिस्टुला बहुधा डाव्या हातात असल्याने अडचण क्वचित येते. पाण्याचा उल्लेख आला म्हणून एवढे नोंदवावे, की डायलिसिसच्या द्रवाचा वेग मिनिटाला ५०० मिलिलिटर असतो, म्हणजे एका बैठकीत १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि शुद्धीकरणात वाया जाणारे त्याखेरीज. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हा आकडा पुस्तकी वाटणार नाही.

नांदेडकर : मग प्रवाह जितका जास्त तितका फिस्टुला सुरक्षित, असे म्हणायचे का?

लातूरकर : नाही, आणि हे भिंतीवाल्यापेक्षा प्रवाहवाल्याने जास्त सांगायला हवे. कोपराजवळची धमनी मोठी, तिथे केलेला फिस्टुला लवकर तयार होतो. पण तो वर्षभरात मिनिटाला दीड-दोन लिटर रक्त घेऊ लागला, तर मिनिटाला साधारण पाच लिटर फेकणाऱ्या हृदयावर ते ओझे कायमचे होते, आणि वृद्धाचे हृदय थकते. शिवाय पंज्याकडे जाणारे रक्त जोडाकडेच वळते. मधुमेह्याची बोटे गार पडतात, दुखतात, क्वचित काळी होतात. सुई एकाच जागी टोचत राहिल्यास तिथली भिंत पातळ होते, त्रिज्या वाढली की त्याच दाबाखाली भिंतीवरचा ताण वाढतो, आणि ताण वाढला की त्रिज्या आणखी वाढते. रुग्ण त्याला फुगा म्हणतात.

नांदेडकर : म्हणजे मनगट आधी, कोपर नंतर.

लातूरकर : पुस्तकात तसेच आहे, आणि तरुणाला तेच योग्य. अमेरिकेत २००३ पासून प्रत्येकाला फिस्टुलाच, असा आग्रह होता. २०१९ च्या तत्त्वांनी तो सैल केला आणि रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याचा आराखडा पाहून ठरवा असे म्हटले. पासष्ट वर्षांची, मधुमेही, मनगटाची धमनी दोन मिलिमीटरच्या आत, आणि मानेत आधीच डायलिसिसची नळी असलेली बाई आली, तर मनगटावर प्रयोग करून सहा आठवडे घालवणे म्हणजे ती नळी सहा आठवडे अधिक ठेवणे. तेवढ्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि नळी गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत असेल तर ती शीर आतून अरुंद होऊन त्या बाजूचा पुढचा प्रत्येक फिस्टुला निकामी होऊ शकतो. तिला कोपरच बरे. हीच बाई सहा महिने आधी आली असती, तर मनगट पाहता आले असते.

नांदेडकर : सहा महिने आधी कोण पाठवणार?

लातूरकर : ज्याने क्रिएटिनिन वाढत चालल्याचा पहिला अहवाल पाहिला तो. आणि त्याच वेळी डाव्या हातावर ‘सलाईन नको’ असे लिहून देणाराही तोच.

या टप्प्यावर वाद सिद्धान्तातून नोंदवहीत उतरतो, आणि तो तिथेच अधिक उपयोगी आहे. नांदेडकरांचा आग्रह असा, की प्रत्येक फिस्टुल्यासाठी एक पान असावे : शस्त्रक्रियेपूर्वी धमनीचा आणि शिरेचा व्यास, जोडाचा कोन, पहिल्या दिवसाचा आणि चौथ्या आठवड्याचा प्रवाह, आणि पहिली सुई कधी टोचली ती तारीख. लातूरकर त्याला आडकाठी करत नाहीत. ते फक्त दोन रकाने वाढवायला सांगतात. एक, या हातात गेल्या पाच वर्षांत सलाईन किती वेळा लागले. दुसरा, मानेतली नळी किती दिवस होती. पहिल्या रकान्यातला आकडा रुग्णाला नेमका आठवणार नाही, असे नांदेडकर म्हणतात. शस्त्रक्रियेतला कोनही तिसऱ्या महिन्यात तोच राहणार नाही, असे उत्तर त्यांना मिळते. दोन्ही रकाने पानावर ठेवले जातात.